दोन्ही सारख्याच

सकाळी साडेदहाला सासूबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि एका दमात दोनशे सोळा चुका काढल्या. सासूबाई म्हणजे कुणी बाई नव्हे, ऑफिसात नव्याने बसवलेला तपासणीचा प्रोग्राम. मोबाइल ॲपमध्ये जितकी चित्रं असतात, बटणांवरची, यादीतली, कानाकोपऱ्यातली, त्या प्रत्येकाला आपला एक फोल्डर असतो आणि फोल्डरात एक चिमुकली सेटिंगची फाइल. चित्र लहान, मध्यम, मोठं अशा तिन्ही मापांत आहे का, काळ्या स्क्रीनवर वेगळं दाखवायचं का, रंग कसे घ्यायचे, हे सगळं तिच्यात लिहिलेलं. प्रोग्रामने त्या सगळ्या फाइली वाचायच्या आणि जिथे खटकेल तिथे बोट ठेवायचं. सगळ्यात खोट काढते, दमत नाही, आणि एखादी गोष्ट बरी असली तर चकार शब्द बोलत नाही, म्हणून टीम लीडने तिचं नाव सासूबाई ठेवलं. खुद्द टीम लीडच्या घरी सासू असल्यामुळे हे नाव अधिकाराने ठेवलं गेलं असं सगळ्यांनी धरलं. चित्रं तपासणारा भिंग आपल्या टेबलाशी बसून यादी खाली खाली सरकवत होता. वापरात नसलेलं चित्र. मोठं माप नाही. वापरात नसलेलं चित्र. ह्या चुका त्याच्या ओळखीच्या होत्या, त्यांचं त्याला काही वाटत नव्हतं. एकशे बहात्तराव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. ओळीत म्हटलं होतं की ‘गोल गोळी, पिवळी’ हे चित्र रंगीत आहे पण त्याची सेटिंग ‘साचा’ अशी आहे, आणि ती चौदा महिन्यांपूर्वी बदललेली आहे. त्याखाली एकशे त्र्याहत्तरावी ओळ, ‘गोल गोळी, गुलाबी’, बाकी मजकूर तोच. भिंगाने चहाचा कप उचलून ओठाला लावला. कपात चहा नव्हता. त्याने तो सावकाश खाली ठेवला.

त्याला भिंग म्हणायचे ते आधीच्या नोकरीमुळे. तो छापखान्यात होता, रंगीत छपाईचे नमुने तपासायला, आणि तो छापखाना बंद पडल्यावर इकडे आला तेव्हा डोळ्याला लावायचं ते बुटकं भिंग त्याच्या खिशात तसंच राहून गेलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने ते मोबाइलच्या काचेवर टेकवलं आणि एका बटणाची कड फाटलेली दाखवून दिली. तेव्हापासून भिंग, आणि वय अठ्ठेचाळीस म्हणून समोर भिंगदादा. खरं नाव हजेरीच्या यादीत होतं आणि तिथेच राहिलं. ॲप औषधांच्या वेळा सांगणारं होतं: ठरल्या वेळी फोन वाजायचा आणि कुठली गोळी घ्यायची तिचं चित्र समोर यायचं. अकरा वर्षं प्रत्येक चित्र भिंगाच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे. डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस म्हणून त्याचा दरारा होता, आणि दरारा त्याला आवडत होता, हे कबूल करायला हवं. मग गेल्या तीन आठवड्यांत टीम लीडने रोज दुपारी त्याला समोर बसवून घेतलं. ‘तुम्ही नक्की काय काय बघता ते सांगा, मी लिहून घेते.’ त्याने सांगितलं, तिने लिहिलं. अकरा वर्षांचे एकेचाळीस नियम झाले. त्याला वाटलं होतं, निदान दोनशे तरी होतील. सतरावा नियम असा होता की रंगीत चित्राला ‘साचा’ ही सेटिंग कधी असता कामा नये, आणि तो सांगताना त्याने टेबलावर बोट आपटलं होतं, हे त्याला आत्ता आठवलं.

साचा ह्या सेटिंगचं काम सरळ आहे. चित्राला साचा म्हटलं की ॲप त्याचे रंग टाकून देतं, बाहेरचा आकार तेवढा धरतं आणि त्यात आपला ठरलेला एकच रंग भरतं. ह्या ॲपचा तो रंग निळसर राखाडी. बटणांना हेच हवं असतं, म्हणजे सगळी एका घरची दिसतात. गोळ्यांना मात्र ‘आहे तसं’ ही सेटिंग, कारण पिवळी गोळी पिवळी दिसणार नसेल तर चित्र कशाला काढायचं. भिंगाने जुन्या नोंदी उघडल्या. कुणी, कधी, काय बदललं ते तिथे सगळं असतं. चौदा महिन्यांपूर्वीचा गुरुवार, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं, आणि पुढे त्याचंच नाव, ते हजेरीच्या यादीतलं खरं नाव. नोंद बघताना त्याला आधी तो केक आठवला. कुणीतरी नोकरी सोडून चाललं होतं, निरोपाचा केक होता, कागदी बशीत भला मोठा तुकडा त्याच्या डाव्या हातात होता आणि मलई कडेला ओघळत होती. ॲपची मुख्य स्क्रीन नव्याने मांडली होती, नवी बटणं आली होती आणि त्या सगळ्यांना साचा ही सेटिंग द्यायची होती. उजव्या हाताने त्याने पहिल्या चित्रावर टिचकी मारली, कीबोर्डचं बटण दाबून धरलं, शेवटच्या चित्रावर टिचकी मारली. बेचाळीस चित्रं एका झटक्यात, निवडल्याच्या खुणेने, निळी झाली, आणि त्याने साचा निवडलं. बटणं चाळीसच होती. उरलेल्या दोन गोळ्या कुणीतरी कधीतरी घाईत बटणांच्या फोल्डरात टाकल्या होत्या. नंतर तपासताना त्याने बटणं तपासली, चाळीसच्या चाळीस, भिंग लावून. गोळ्यांकडे बघायचं कारण नव्हतं. गोळ्यांना कुणी हात लावला नव्हता. असं तो समजत होता.

‘अरे, ह्या दोन्ही आता सारख्याच दिसतात मला.’ आईचं हे वाक्य त्याला शब्दाला शब्द आठवत होतं, आणि कुठून आलं तेही: स्वयंपाकघराच्या दारातून. सकाळचे आठ वाजले होते, तिचा फोन वाजून थांबला होता, आणि तो बेसिनच्या आरशासमोर अर्ध्या गालाला साबण लावून उभा होता. डॉक्टरांनी तिला दोन गोळ्या दिल्या होत्या, सकाळी पिवळी, संध्याकाळी गुलाबी, दोन्ही गोल, दोन्ही एकाच मापाच्या. त्यानेच ते ॲप तिच्या फोनमध्ये घालून दिलं होतं, आपल्या मुलाच्या ऑफिसातलं ॲप म्हणून तिने शेजारणींना ते दाखवूनही झालं होतं. गोळ्यांच्या नावांच्या वाटेला ती जात नसे. नावं लांबलचक आणि अक्षरं मुंगीएवढी. फोनवर पिवळी दिसली की पिवळी, गुलाबी दिसली की गुलाबी, असं चार-पाच महिने सुरळीत चाललं होतं. त्या सकाळी ती म्हणाली, सारख्याच दिसतात. तो आरशातच म्हणाला, ‘आई, चित्रं मी स्वतः तपासतो. एकेक.’ ती म्हणाली, ‘तपासतोस रे. पण मला दोन्ही मातकट दिसतात.’ तो म्हणाला, ‘मग डोळे दाखवून घे एकदा.’ ती दारात थोडी थांबली. तिच्या हातात फोन होता, आणि तो तिने पुढे केला होता, एवढं त्याला आरशात दिसलं होतं. हात लांबवला असता तरी पुरे होतं. पण हाताला साबण होता, आणि साडेआठची गाडी होती. अकरा वर्षांत त्याने किती हजार वेळा किती फोन डोळ्यांजवळ नेले असतील त्याचा हिशोब नाही, तो एक तेवढा नेला नाही.

‘भिंगदादा, सासूबाईंनी फारच धारेवर धरलंय वाटतं.’ टीम लीड खुर्चीमागे उभी होती. ती त्याच्याहून अकरा-बारा वर्षांनी लहान होती आणि त्याच्याशी नेहमी असं हसत, पण जपून बोलायची. त्याने नकळत यादी वर सरकवली, एकशे बहात्तर दिसेनाशी केली. ती म्हणाली, ‘संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळींपुढे काहीतरी लिहायचंय. दुरुस्त, नाहीतर सूट.’ सूट म्हणजे एक वेगळी यादी होती. जी चित्रं मुद्दामच नियमाबाहेर ठेवली आहेत त्यांची नावं तिच्यात घातली की प्रोग्राम पुन्हा त्यांच्याबद्दल बोलत नसे. ‘त्या यादीची किल्ली तुमच्याकडेच आहे,’ ती म्हणाली, ‘सासूबाईंना गप्प बसवायची पॉवर सगळ्या ऑफिसात एकट्या तुम्हाला.’ तो हसला. ‘आणि एक,’ ती जाता जाता म्हणाली, ‘लोकांपर्यंत पोचलेली काही चूक निघाली, औषधाच्या बाबतीतली, तर ती नुसती दुरुस्त करायची नाही. वेगळं लिहायचं, कुणाकडून, कधी. तसं काही निघणार नाही म्हणा, तुमच्या हाताखालून गेलेलं आहे सगळं.’ ती गेल्यावर त्याने यादी पुन्हा खाली आणली. दोन ओळी होत्या. सेटिंग बदलायला चार सेकंद लागली असती, पुढे ‘दुरुस्त’ लिहिलं की दोनशे सोळांत त्या दोन मिसळून गेल्या असत्या, आणि कुणी ढुंकून बघितलं नसतं. खरं म्हणजे त्याला भीती नोकरीची वाटत नव्हती. नियम सांगून झाल्यावर नोकरीत त्याचं तसंही काय उरलं होतं. त्याला भीती वाटत होती ती घरी जाऊन एक वाक्य बोलायची.

कारण आईच्या डोळ्यांवर एकोणचाळीस वर्षं एक दुकान चाललं होतं. दोरे-बटणांचं दुकान, चिंचोळं, आत आत जाणारं, दोन्ही भिंतींवर छतापर्यंत दोऱ्यांची रिळं. बाबा गेल्यावर ती तिथे नोकरीला लागली, काउंटरवर उभी राहिली आणि उभीच राहिली. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पुढे करायचं, ती एक नजर टाकायची, तुकडा परत द्यायची आणि पाठ फिरवून रीळ काढायची. तुकडा हातात घेऊन रिळांशी लावत बसणं तिला कमीपणाचं वाटे. फारच अडलं तर दिव्याखाली नव्हे, दुकानाच्या दारात, उजेडात जायची. दिव्याखाली रंग खोटं बोलतात, म्हणायची. शाळा सुटल्यावर भिंग तिथे काउंटरच्या आत स्टुलावर बसून अभ्यास करी, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती त्याची परीक्षा घेई. दोन रिळं समोर धरायची, ‘ह्यातली कुठली छटा जास्त निळी?’ तो चुकायचा. बहुतेक वेळा चुकायचा. ती हसायची, ‘बापावर गेलायस,’ म्हणायची, कारण बाबा एका पायात काळा आणि एका पायात गर्द निळा मोजा घालून लग्नाला गेलेले होते आणि ही गोष्ट मावशी अजून सांगत असे. छापखान्यात लागला तेव्हा आई म्हणाली, ‘तू, आणि रंग तपासणार?’ पण तिथे रंगांना आकडे होते. कुठली शाई किती टक्के, ते कागदावर लिहिलेलं असे, भिंगाखाली ठिपके मोजता येत. ॲपमध्ये आल्यावर तर रंग म्हणजे आकडेच. तो रंगांत मुरलेला माणूस म्हणून ओळखला जात होता आणि रंग त्याला बघून कधी कळलेच नव्हते, हे फक्त आईला माहीत होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही.

त्या साबणाच्या सकाळनंतर सात-आठ दिवसांनी दुकानाच्या मालकांचा फोन आला. आईला चक्कर आली होती, ती दुकानाच्या पायरीवर बसली होती. संध्याकाळची गोळी तिने सकाळीही घेतली होती, आणि बहुधा आदल्या दिवशीही. भिंगाने रिक्षा केली, तिला घरी आणलं, आणि रस्ताभर तो रागावलेला होता, काळजीने माणूस रागावतो तसा. ‘मी तुला सांगितलं होतं ना डोळे दाखव म्हणून.’ डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिव्याची कांडी फिरवत म्हटलं, ‘मोतीबिंदूची सुरुवात आहे, ह्या वयात सगळ्यांनाच असते. काळजीचं काही नाही, वर्षाने या.’ डॉक्टरांनी एवढं सगळं म्हटलं होतं. त्याने त्यातला मोतीबिंदू तेवढा उचलला आणि घरी आणला. मावशीला फोनवर तोच सांगितला, मालकांना तोच सांगितला, आणि आईला तर तो तिच्यासमोरच मिळाला होता. आठवड्याने तिने दुकान सोडलं. मालक चांगले होते, ‘बसून राहा, हिशोब बघा,’ म्हणाले. ती म्हणाली, ‘रंग कळत नसेल तर मी तिथे काय दुकानाची शोभा म्हणून बसू?’ निघताना त्यांनी तिला उरल्यासुरल्या रिळांचा एक मोठा पत्र्याचा डबा दिला. तो तिने घरी आणून कपाटावर ठेवायला सांगितला, आणि भिंगाने ठेवला. मग त्याने सात दिवसांचे चौदा कप्पे असलेली प्लास्टिकची पेटी आणली, दर रविवारी सकाळी तो स्वतः त्यात गोळ्या भरू लागला. तिच्या फोनमधलं ॲप काढून टाकलं, उगाच वाजत राहायला नको म्हणून. त्यालाही तेव्हा बरंच वाटलं होतं. प्रश्न सुटला होता.

एक गोष्ट मात्र त्याच्या कानाला लागत राहिली होती आणि तिच्याकडे त्याने कानाडोळा केला होता. आई रंगांपुढे ‘ना’ लावू लागली. ‘हा तुझा हिरवा शर्ट ना?’ ‘हे निळं पातेलं ना?’ शर्ट हिरवा असे, पातेलं निळं असे. तो हो म्हणायचा आणि पुढे जायचा. एकदा तिने शेजारच्या बाईंना हाक मारून दारात उभं केलं होतं आणि ब्लाउजचं कापड दाखवून विचारत होती, ‘हे राणी रंगाचं आहे की लाल?’ शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘लालच की हो,’ आणि आई म्हणाली, ‘लालच ना, बरं झालं विचारलं.’ भिंग तेव्हा सोफ्यावर बसून फोन बघत होता. कापड लाल नव्हतं. त्याला रंग बघून कळत नसले तरी राणी आणि लाल ह्यांतला फरक आंधळ्यालाही कळला असता, आणि त्याच्या मनात आलं होतं की आईने बरोबर ओळखून चुकीचं कबूल केलं. तो विचार त्याने पुढे नेला नाही. आता ऑफिसात, दुपारी दोन वाजता, डबा न उघडता बसलेला असताना तो विचार आपल्या पायांनी पुढे गेला. तेरा महिने ही बाई दिसतंय ते खरं नसणार असं धरून चालली होती. एकोणचाळीस वर्षं जिने कुणाला विचारलं नाही ती पातेल्याचा रंग विचारत होती. आणि हे तिला कुणी सांगितलं, तर तिच्या मुलाने, अर्ध्या गालाला साबण लावून, वळून न बघता. त्याला लाज वाटली. साधी, अंग गरम करणारी लाज वाटली, शाळेत वही फाडल्यावर वाटली होती तशी.

साडेतीनला तो टीम लीडच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. ‘एकशे बहात्तर आणि त्र्याहत्तर,’ तो म्हणाला. ‘दोन गोळ्यांची चित्रं. साचा झालीयत. राखाडी दिसतात. चौदा महिने.’ तिने यादी उघडली, वाचली, नोंद उघडली, त्याचं नाव बघितलं आणि ते बघितलंच नाही अशी ती पुढे बोलली. ‘किती लोकांनी ही चित्रं निवडलीयत?’ त्याने ते आधीच काढलं होतं. ‘पिवळी आणि गुलाबी दोन्ही वापरणारे तीनशे नऊ.’ तिने पेन खाली ठेवलं. ‘चौदा महिन्यांत कुणाचीच तक्रार नाही?’ भिंग म्हणाला, ‘एक आली होती. तोंडी.’ ‘कुणाची?’ ‘आईची.’ ‘तुमच्या?’ ‘हो.’ तिने विचारलं, ‘मग तुम्ही काय केलंत?’ ‘मी तिचे डोळे तपासून घेतले,’ तो म्हणाला. टीम लीड हसली नाही. ‘त्या तीनशे नऊ जणांना आजच कळवावं लागेल,’ ती म्हणाली. ‘मजकूर तुम्हीच लिहा. वर माझं नाव घालू?’ तो म्हणाला, ‘नको, माझंच असू दे.’ टेबलाशी परत येऊन त्याने चार ओळी लिहिल्या. चित्रातला दोष आमचा आहे, असं लिहिलं. आपल्याला दोन्ही गोळ्या सारख्या दिसल्या असतील तर तो आपल्या डोळ्यांचा दोष नाही, असं एक वाक्य त्याने लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा लिहिलं. मग सेटिंग बदलली. चार सेकंद लागली. मग तो टीम लीडला सांगून निघाला, कारण घरी उजेडात पोचायचं होतं.

‘आज लवकर?’ आई दार उघडून म्हणाली. ‘बरं नाही का?’ तो बरा होता, असं त्याने सांगितलं, आणि बूट न काढताच खुर्चीत बसला, म्हणून ती त्याच्या बुटांकडे बघत उभी राहिली. त्याने सरळ सांगून टाकलं. फोल्डर, सेटिंग, बेचाळीस आणि चाळीस, सगळं आधी पाठ करून आणलं होतं त्यातलं काहीच सांगितलं नाही. ‘आई, त्या फोनमधल्या गोळ्या खरंच राखाडी होत्या. माझ्याकडून झालं ते. तुला बरोबर दिसत होतं.’ ती खाली बसली. ‘दोन्ही?’ तिने विचारलं. ‘दोन्ही.’ ‘मातकट?’ ‘मातकटच.’ ‘मी तुला म्हटलं होतं,’ ती म्हणाली. ‘हो.’ ‘तू दाढी करत होतास.’ ‘हो.’ ‘पण डॉक्टरांनीही सांगितलं ना, मोतीबिंदू.’ ‘सुरुवात म्हणाले होते. सगळ्यांनाच असते म्हणाले. मी तेवढं नीट ऐकलं नाही.’ तिने पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. तो आता ती रागावेल म्हणून वाट बघत होता, रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, ‘आता सांगून काय उपयोग. आता मला खरंच कळेनासं झालंय. निळं दिसलं तरी आतून वाटतं, नसेल. डोळे असोत नाहीतर नसोत, मन मानत नाही.’ हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, दुधाचं भांडं उतरवायला सांगावं तसं.

तो उठला, स्टूल घेतलं, कपाटावरचा पत्र्याचा डबा उतरवला. झाकणावर वर्षाची धूळ होती, ती त्याच्या बाहीला लागली. ‘कशाला आता ते,’ ती म्हणाली, पण त्याने झाकण उघडल्यावर तिची मान आपोआप पुढे झाली. आत रिळं आडवीतिडवी पडली होती, प्रत्येकाच्या बुडाला दुकानाच्या नंबराची चिकटपट्टी. तिने हात घातला, पाच-सात रिळं चाळली, आणि दोन बाहेर काढली. ती तिने बुडं मुठीत धरून त्याच्यापुढे केली. ‘तू सांग. ह्यातली कुठली छटा जास्त निळी?’ चाळीस वर्षांपूर्वीचा प्रश्न होता, पण तेव्हा ती उत्तर माहीत असून विचारायची. आता ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. भिंगाने रिळं घेतली. दोन्ही जांभळी. त्याने एक डावीकडे धरलं, एक उजवीकडे, मग अदलाबदल केली. पिशवीतून भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं. दोऱ्याचे पीळ दिसले, पिळांतले तंतू दिसले, फरक दिसला नाही. अंदाजाने काहीतरी ठोकून देता आलं असतं. पन्नास टक्के बरोबरही आलं असतं. अंदाजाने बोलून काय होतं ते त्याने सकाळपासून पुरेसं बघितलं होतं.

‘मला दोन्ही सारख्याच दिसतात,’ तो म्हणाला.

‘माझी समजूत घालू नकोस.’

‘नाही घालत. खरंच सारख्या दिसतात. शपथेवर सांगतो.’

तिने त्याच्या हातून रिळं काढून घेतली. क्षणभर त्यांच्याकडे न बघता त्याच्याचकडे बघत राहिली, लहानपणी तो चुकला की बघायची तशी, आणि मग उठून खिडकीशी गेली. पडदा हाताने बाजूला सारला. उजेडात तिने दोन्ही रिळं एकदा सरळ धरली, एकदा तिरपी, मग एक नाकाजवळ नेलं. फार वेळ लागला नाही. ‘अरे, ढळढळीत वेगळ्या आहेत,’ ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा वैताग होता. ‘ही वांगी रंगाची, हिच्यात निळा जास्त. आणि ह्या दुसरीत लाल आहे, बिटाचं पाणी पडल्यासारखा. हिचा नंबर एकतीस असायला पाहिजे. ही बत्तीस.’ तिने रिळं त्याच्यापुढे धरली. त्याने ती उलटी केली आणि बुडं बघितली. पहिल्यावर एकतीस होतं. दुसऱ्यावर बत्तीस. त्याने दोन्ही नंबर पुन्हा एकदा वाचले, सवयच होती त्याला. बरोबर आहे का, असं तिने विचारलं नाही. ती खिडकीशी पाठ करून उभी होती आणि त्याला, त्याच्या हातातल्या भिंगाला, त्याच्या धुळीने माखलेल्या बाहीला निरखत होती.

‘तू डोळे दाखवून घे एकदा,’ ती म्हणाली, आणि डब्याजवळ येऊन बाकीची रिळं खिडकीत ओळीने मांडू लागली.